चार झाकणं वाइन आणि एक ग्रॅम मुळी

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास काका दुकानात आले आणि कैलासजीवनची डबी मागितली. कोथरूडमधलं आमचं औषधाचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. कैलासजीवन रोज जातं, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. पण काकांनी स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर घेतली होती आणि उजव्या मनगटाच्या वर रुपयाएवढे दोन डाग दिसत होते. एक जांभळा, दुसरा कडेने पिवळट पडत चाललेला. "कुठे आपटलात?" मी विचारलं. "टेकडीवर फाटकाला लागलं असेल," म्हणाले. मी डबी दिली, सुटे दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तिथेच मी चुकले. काकांना मागच्या जूनमध्ये स्टेंट बसला आहे आणि त्यांच्या गोळ्या दर महिन्याला मीच काढून देते. ॲस्पिरिन 75, क्लोपिडोग्रेल 75, रात्री ॲटॉर्व्हास्टॅटिन 40 आणि बीपीसाठी एक मेटोप्रोलॉल. पहिल्या दोन गोळ्या रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतात. त्या घेणाऱ्या माणसाच्या हातावर न आठवणारा डाग दिसला की पुढे चार प्रश्न विचारायचे असतात. मी एकच विचारला, आणि त्याचं उत्तर 'असेल' असं आलं तरी ते चालवून घेतलं.

आठ दिवसांनी काकू आल्या. "यांच्या ब्रशला रोज रक्त लागतंय. हिरड्यांची एखादी चांगली पेस्ट दे." या वेळी पेस्ट दिली नाही. काकांना पाठवा आणि घरात आहेत तेवढी सगळी औषधं बरोबर द्या, असं सांगितलं.

(काका-काकूंना विचारूनच हे लिहिते आहे. वय आणि एकदोन खुणा बदलल्या आहेत, घडलेलं बदललेलं नाही.)

"ते औषध नाही, द्राक्षाचं आहे"

काका 68 वर्षांचे, सरकारी कारखान्यातून निवृत्त, वजन 70 किलो, मधुमेह नाही. ते एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत मीच दिलेल्या स्ट्रिपा होत्या, तारखा घातलेल्या. गोळी एकही चुकलेली नव्हती.

"आणखी काही घेता?"
"नाही."
"आयुर्वेदिक, होमिओपॅथी, व्हिटॅमिन?"
"अगं, नाही म्हटलं ना."

मागून काकू म्हणाल्या, "आणि ती पोरीने पाठवलेली डबी?"

"ते औषध नाही. ते द्राक्षाचं आहे."

डबी घरून आणवली. मुलगी न्यू जर्सीत असते. दिवाळीला आलेल्या एका ओळखीच्या हाती तिने ती पाठवली होती. पुढच्या बाजूला काळ्या द्राक्षांचा घोस, पाण्याचे थेंब काढलेला, अगदी मार्केट यार्डातल्या पेटीवर असतो तसा. खाली मोठ्या अक्षरांत रेस्व्हेराट्रॉल, 500 मिलिग्रॅम. द्राक्षाच्या सालीत आणि काही वनस्पतींत असणारं हे एक द्रव्य. कॅप्सूल बोटाच्या पेराएवढी. काका सकाळ-संध्याकाळ एकेक घेत होते, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. नोव्हेंबरच्या मध्यापासून.

मागच्या बाजूचा मजकूर भिंगाशिवाय वाचता येत नव्हता. दुकानात भिंग असतं, काही स्ट्रिपांवरची एक्स्पायरी त्याशिवाय दिसत नाही. घटकांच्या ओळीत द्राक्ष कुठेच नव्हतं. 'पॉलिगोनम कस्पिडेटम, मुळाचा अर्क, 1000 मिलिग्रॅम, 50 टक्के रेस्व्हेराट्रॉल.' खाली आणखी बारीक अक्षरांत, या विधानांची एफडीएने (अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने) तपासणी केलेली नाही आणि हे उत्पादन कोणताही रोग बरा करण्यासाठी नाही, हे नेहमीचं वाक्य. अमेरिकेत 1994 च्या कायद्यापासून पूरक आहाराच्या डब्यांवर असं छापावं लागतं. आपल्याकडेही अशा डब्या औषधाच्या नव्हे, खाद्यपदार्थांच्या कायद्याखाली येतात.

पॉलिगोनम कस्पिडेटम हे जपान-चीनकडचं झुडूप. चिनी वैद्यकात त्याची मुळी वापरतात. ब्रिटनमध्ये मात्र ते इतकं माजलेलं तण आहे की घराच्या आवारात उगवलं तर घराची किंमत पडते. बाजारातल्या बहुतेक रेस्व्हेराट्रॉल कॅप्सूल याच मुळीपासून होतात, कारण द्राक्षाच्या सालीपेक्षा तिच्यात ते पुष्कळ असतं आणि स्वस्तात निघतं. या मुळीत इमोडिन नावाचं दुसरं एक द्रव्यही असतं आणि त्याने जुलाब होतात. अर्क पुरेसा शुद्ध केलेला नसेल तर ते कॅप्सूलमध्ये येतं. काकांनी आपण होऊनच सांगितलं, "डबी सुरू केल्यापासून पोट काय सुंदर साफ होतं, दिवसातून दोनदा!" हा त्यांना डबीचा पहिला गुण वाटला होता.

मग ते थोडं घुटमळले आणि म्हणाले, रात्री थोडी रेड वाइनही घेतो. आधी कधी घेत नव्हते. भिशीतल्या एका मित्राने सांगितलं, हृदयाला चांगली. नाशिकची बाटली आणून ठेवली होती आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरच्या झाकणाने मोजून चार झाकणं घेत होते. झाकण 15 मिलिलिटरचं, म्हणजे 60 मिलिलिटर. "डोस म्हणजे डोस," काका म्हणाले.

आता खरी भीती वाटली ती पुढच्या वाक्याची. मी म्हटलं, काका, हे डाग आणि हिरड्यांचं रक्त बहुतेक रक्त जास्त वाहतं राहिल्यामुळे आहे. त्यावर ते लगेच म्हणाले, "मग ती रक्त पातळ करणारी गोळी आठ दिवस बंद ठेवतो. कॅप्सूल काय, नैसर्गिकच आहे."

स्टेंट बसवून सात महिने झालेल्या माणसाने क्लोपिडोग्रेल मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. हिरड्यांचं रक्त पुसता येतं, ते पुसता येत नाही. मी काउंटरच्या बाहेर आले, स्ट्रिप त्यांच्या हातात परत दिली आणि म्हटलं, ही एकही चुकवायची नाही, बंद करायचीच असेल तर ती डबी करा, आणि संध्याकाळीच डॉक्टरांकडे जा. काकू म्हणाल्या, मी नेते.

चार झाकणांचा हिशोब

संध्याकाळपर्यंत वेळ होता. काका हिशोबाचा माणूस, म्हणून बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशोबच मांडला.

रेड वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल लिटरमागे साधारण एक-दोन मिलिग्रॅम असतं. काही वाइनमध्ये त्याहून खूप कमी, काहींमध्ये पाचाच्या पुढे. आपण सढळ हाताने दोन धरू. चार झाकणांत मग 0.12 मिलिग्रॅम आलं. एका कॅप्सूलमधल्या 500 मिलिग्रॅमची बरोबरी करायला काकांना रोज चार झाकणं याप्रमाणे अकरा वर्षं आणि वर पाच महिने लागतील. कॅप्सूल तर ते रोज दोन घेत होते.

याच चार झाकणांत अल्कोहोल किती? वाइन 13 टक्क्यांची धरली तर सुमारे सहा ग्रॅम. म्हणजे रेस्व्हेराट्रॉलच्या पन्नास हजार पट. रेस्व्हेराट्रॉलसाठी वाइन घेणं म्हणजे हळदीसाठी पुरणपोळी खाण्यासारखं आहे. पुरणपोळी खायची तर खावी, पण हळदीचं नाव सांगू नये.

कागदाकडे बघताना या प्रकरणाचा सांधा माझ्या ध्यानात आला. वाइन खपते ती रेस्व्हेराट्रॉलवरच्या संशोधनाच्या नावावर, आणि त्या संशोधनात वापरलेली मात्रा वाइनमध्ये कधीच नसते. कॅप्सूल खपते ती वाइन पिणाऱ्या आणि हृदयविकार कमी असलेल्या फ्रेंच माणसांच्या नावावर, आणि त्या माणसांनी अशी कॅप्सूल कधी पाहिलेली नसते. दोघे एकमेकांच्या ओळखीवर आत शिरतात. काकांच्या घरात तर दोघे एकदमच शिरले होते.

वेलीचं औषध

माझं माहेर नारायणगावकडचं, घरची द्राक्षबाग. त्यामुळे रेस्व्हेराट्रॉलची एक गोष्ट मला डब्यांच्या आधीपासून कळते. वेल ते आपल्यासाठी करत नाही. 1939 मध्ये मिचिओ ताकाओका या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ते एका रानटी वनस्पतीच्या मुळांतून प्रथम वेगळं केलं, तेव्हा वाइनचा संबंध नव्हता. 1976 मध्ये द्राक्षाच्या पानात ते सापडलं ते रोग लागलेल्या जागी. बुरशी चढली, उन्हाचा मारा झाला, पान जखमी झालं की वेल ते तयार करते. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांशी लढायचं वेलीचं ते घरचं औषध. दमट हवेत रोगाशी झुंजलेल्या बागेत ते जास्त असू शकतं, कोरड्या हवेत सुखाने वाढलेल्या बागेत कमी. म्हणून एकाच जातीच्या द्राक्षाच्या दोन बाटल्यांतही आकडा कितीतरी वेगळा येतो आणि लेबलवरून तो कधीच कळत नाही.

ते सालीत असतं. रेड वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून तिच्यात उतरतं. पांढऱ्या वाइनचा रस सालीपासून आधीच वेगळा करतात, तिच्यात नाममात्र. शेंगदाण्यातही असतं, आणि टरफलासकट उकडलेल्या शेंगांत कच्च्या दाण्यापेक्षा जास्त. हे कळल्यावर काकू म्हणाल्या, टेकडीच्या पायथ्याशी मिळतात त्या? त्याच.

त्यांनी दुसराही एक प्रश्न विचारला आणि तो मला आवडला. "मग आपलं द्राक्षासव काय वाईट होतं?" 1999 मध्ये वनौषधींवरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात नेमकं हेच छापून आलं आहे: द्राक्षासवात रेस्व्हेराट्रॉल आणि त्याचं भावंड टेरोस्टिल्बीन सापडलं. आहे तर ते त्यातही. पण असण्याने प्रश्न सुटत नाही, किती आहे आणि पोटात गेल्यावर त्याचं काय होतं हे पाहावं लागतं. शिवाय आसवात आंबवताना तयार झालेलं अल्कोहोलही असतंच.

फ्रेंच माणसं, उंदीर आणि आपण

'म्हणजे फायदा नाहीच?' काकांनी विचारलं. याला एका शब्दात उत्तर देणारी माणसं भिशीत भेटतात. मी जरा लांबण लावली.

नोव्हेंबर 1991 मध्ये अमेरिकेतल्या एका गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात सांगितलं गेलं की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात तरी त्यांना हृदयविकार कमी होतो, आणि बोट रेड वाइनकडे दाखवलं गेलं. तिकडे वाइनची विक्री उसळली. पुढच्याच वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जेरिल यांचा 'लॅन्सेट'मधला निबंध आला. त्या निबंधात श्रेय रेस्व्हेराट्रॉलला दिलेलं नाही, ही गोष्ट आता सगळे विसरलेत. त्यांचा तर्क असा होता की मद्य प्लेटलेटचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींचं, एकमेकींना चिकटणं कमी करतं आणि त्यामुळे गुठळी कमी होते. वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल असल्याचा अहवालही 1992 चाच. दोन गोष्टी एकाच वर्षी आल्या आणि लोकांनी त्यांची गाठ बांधून टाकली.

पुढे 1997 मध्ये 'सायन्स'मध्ये आलं की उंदरांच्या कातडीवरच्या गाठींना ते आळा घालतं. 2003 मध्ये डेव्हिड सिंक्लेअर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टचं आयुष्य वाढल्याचं दाखवलं. 2006 मध्ये तुपाळ खाणं खाऊन लठ्ठ झालेले उंदीर रेस्व्हेराट्रॉलमुळे जास्त जगले, त्यांचं यकृत आणि इन्सुलिन सुधारलं. मात्रा होती किलोमागे रोज 22.4 मिलिग्रॅम. सरळ गुणाकार केला तर 70 किलोच्या काकांना दीड ग्रॅमच्या वर. औषधशास्त्रात करतात तसं शरीराच्या पृष्ठभागावरून उतरवलं तर सुमारे 130 मिलिग्रॅम. डबीवाले यातला कुठला हिशोब धरतात कोण जाणे. 2008 मध्ये एका मोठ्या औषध कंपनीने सिंक्लेअर यांची कंपनी 72 कोटी डॉलरना विकत घेतली, आणि तिथून ते नाव डब्यांवर पोचलं. नंतर साधं खाणं खाणाऱ्या धडधाकट उंदरांवर अमेरिकन सरकारी कार्यक्रमात तपासलं तेव्हा आयुष्य वाढलं नाही. ही बातमी डब्यांवर पोचली नाही.

माणसांवरचे प्रयोग लहान आहेत आणि एका सुरात बोलत नाहीत. 2011 मध्ये 11 लठ्ठ पुरुषांना महिनाभर रोज 150 मिलिग्रॅम दिलं तेव्हा रक्तातली साखर आणि रक्तदाब थोडे सुधारले. 2012 मध्ये लठ्ठ नसलेल्या बायकांना 75 मिलिग्रॅम दिलं, फरक नाही. त्याच वर्षी आपल्या उटीत मधुमेहाच्या 62 रुग्णांच्या गटात, नेहमीच्या औषधांच्या जोडीला 250 मिलिग्रॅम तीन महिने देऊन, एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, थोडं खाली आलं. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्यासारख्या माणसांवर, सरकारी रुग्णालयात झाला. पण तो छोटा होता. काकांना मधुमेह नाही. मधुमेहाच्या रुग्णाने हे वाचून गोळी बदलू नये, जोडीला घ्यायचं तरी डॉक्टरांशी बोलूनच.

उलट बाजूही आहे. 2013 मध्ये डेन्मार्कमध्ये 65 च्या आसपासच्या पुरुषांना व्यायामाबरोबर रोज 250 मिलिग्रॅम दिलं, तर व्यायामाचे काही फायदे कमीच झाले. रोज वेताळ टेकडी चढणाऱ्या काकांना ही ओळ मी दोनदा वाचून दाखवली. इटलीत, कियांती वाइनच्याच प्रदेशात, 65 वर्षांपुढच्या 783 माणसांच्या लघवीत रेस्व्हेराट्रॉलचे अंश मोजले आणि नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांच्यात ते जास्त होतं ते ना जास्त जगले, ना त्यांना हृदयविकार कमी झाला. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. वाइनच्या दुकानात कुणी तो लावत नाही.

आणि एक काळा डागही या विषयावर आहे. हृदय आणि रेस्व्हेराट्रॉल यावर भराभर निबंध लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाच्या कामात आकडे-चित्रं बनावट असल्याचे 145 प्रकार त्याच्याच विद्यापीठाला 2012 मध्ये सापडले. सगळं संशोधन त्याने खोटं ठरत नाही. पण 'शेकडो अभ्यास सांगतात' हे वाक्य ऐकलं की मला ते आठवतं.

उंदरात चालतं ते आपल्यात अडखळतं, याचं मोठं कारण आतडं आणि यकृत. तोंडाने घेतलेलं रेस्व्हेराट्रॉल आतड्यातून शोषलं चांगलं जातं, जवळपास 70 टक्के. पण जाता जाताच आतडं आणि यकृत त्याला गंधकाचे, साखरेचे तुकडे जोडून लघवीच्या वाटेला लावतात. मूळ रूपात रक्तात पोचतं ते एक टक्क्याहूनही कमी. एका अभ्यासात 5 ग्रॅम एका वेळी दिलं तरी रक्तातली कमाल पातळी मिलिलिटरमागे 540 नॅनोग्रॅमच्या आसपास राहिली. काचेच्या बशीतल्या पेशींवर गुण दिसतो तो बहुधा याच्या कितीतरी पट तीव्रतेला.

"मग रक्तात पोचतच नाही तर डाग कसे पडले?" काकांचा प्रश्न रास्त होता. तोपर्यंत माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं.

दवाखान्यात निघालेली चौथी गोष्ट

डॉक्टरांनी हात पाहिले, हिरड्या पाहिल्या, पायावर काकांनाही माहीत नसलेला तिसरा डाग सापडला. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली. हिमोग्लोबिन 12.2, जूनमध्ये 13.3 होतं. प्लेटलेटची संख्या बरोबर. हा रिपोर्ट पाहून काका खूश झाले, पण ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल संख्या कमी करत नाहीत, चिकटण्याची सवय मोडतात. 'रक्त पातळ' हा आपला शब्द तसा चुकीचाच, रक्त तेवढंच दाट राहतं. शौचातलं लपलेलं रक्त तपासलं, निघालं नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "गुडघे कसे आहेत?" काका म्हणाले, आता उत्तम, मेहुणीने दिलेली गोळी लागू पडली.

डायक्लोफिनॅक, दुखणं थांबवणारी गोळी. डिसेंबरच्या थंडीत टेकडी उतरताना गुडघा धरला, तेव्हापासून आठवड्यातून तीन-चारदा. मी विचारलेल्या यादीत ती आली नाही, कारण ती 'रोजची' नव्हती आणि माझ्या दुकानातली नव्हती. डायक्लोफिनॅक प्लेटलेटवरही परिणाम करतं, जठराच्या अस्तरालाही सोलतं, आणि स्टेंटवाल्या माणसाने ते डागांशिवायही टाळायचंच असतं, कारण हृदयाचा धोका वाढतो. क्षणभर मला वाटलं, चोर सापडला, डबी निर्दोष सुटली.

ती तशी सुटत नाही. अमेरिकेत 42 निरोगी माणसांना रोज एक ग्रॅम रेस्व्हेराट्रॉल, म्हणजे नेमका काकांचाच डोस, चार आठवडे दिलं होतं. यकृतातली औषधं मोडणारी काही विकरं (एन्झाइम) त्याने मंदावली. त्यातलं एक सीवायपी2सी9, आणि डायक्लोफिनॅक मुख्यतः त्याच दारातून बाहेर पडतं. वरंगळच्या संशोधकांनी तर थेट हीच जोडी तपासली आहे: निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस रोज 500 मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल देऊन मग डायक्लोफिनॅक दिलं, तर रक्तातलं डायक्लोफिनॅक वाढलेलं आढळलं. काकांच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे होतं. रेस्व्हेराट्रॉल स्वतः रक्तात फार पोचलं नाही तरी आतडं आणि यकृत या त्याच्या वाटेवरच्या जागा आहेत, आणि तिथे ते दुसऱ्याची वाट अडवू शकतं. मेहुणीची एक गोळी काकांच्या अंगात एकापेक्षा जास्त गोळीसारखी वागली असणं शक्य आहे.

शिवाय प्लेटलेट. प्रयोगशाळेत रेस्व्हेराट्रॉल प्लेटलेटचं चिकटणं कमी करतं, अल्कोहोलही करतं. 1992 मध्ये फ्रेंच माणसांच्या हृदयाचं श्रेय ज्या परिणामाला दिलं गेलं, तो हाच. काका त्यासाठी ॲस्पिरिन घेत होते, क्लोपिडोग्रेल घेत होते, नकळत डायक्लोफिनॅक घेत होते, वर कॅप्सूल आणि वर चार झाकणं. ज्याला डबीवर फायदा म्हटलं होतं तोच हातावर डाग होऊन उमटला होता.

डॉक्टरांनी त्याच दिवशी कॅप्सूल, डायक्लोफिनॅक आणि वाइन तिन्ही बंद केलं. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल तशाच चालू. गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि फिजिओ.

नोंद करताना

अभ्यासक म्हणून मला हे अडचणीचं झालं. तिन्ही एकाच दिवशी थांबवल्यावर कुणामुळे काय झालं ते वेगळं काढता येत नाही. दोन आठवड्यांत नवे डाग थांबले, ब्रश पांढरा राहायला लागला, सहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन 12.9. आता खात्री करायची तर कॅप्सूल पुन्हा सुरू करून बघायला हवी. स्टेंटवाल्या माणसावर तो खेळ कुणी करत नाही, करूही नये.

औषधाचा दुष्परिणाम किती खात्रीचा हे ठरवायला 1981 पासून वापरात असलेली नारांजो यांची दहा प्रश्नांची गुणपत्रिका आहे. डबीला मी असे गुण दिले: घेतल्यानंतर त्रास झाला, अधिक दोन. थांबवल्यावर कमी झाला, अधिक एक. दुसरं कारण असू शकतं, वजा एक. डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलं, अधिक एक. बाकी शून्य. बेरीज तीन. डायक्लोफिनॅकला यातलं सगळं मिळतं आणि आधीचे खात्रीचे दाखले असल्याचा आणखी एक गुण. बेरीज चार. एक ते चार म्हणजे 'शक्य'. 'संभवनीय' पाचपासून सुरू होतं. दोघेही खालच्या वर्गात बसले. मला डबीचा राग आला होता तरी तिला चौथा गुण देता आला नाही. डाग दिसायला लागले ते कॅप्सूल सुरू केल्यावर दोन महिन्यांनी, डायक्लोफिनॅक आल्यावर महिन्याभरात. हा क्रमही गोळीकडेच बोट दाखवतो, आणि तिच्या पाठीशी कॅप्सूल उभी असावी असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

नोंद पाठवली. आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे, गाझियाबादहून चालतो. 1800-180-3024 या फुकट क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो, हे माझ्या काउंटरवर येणाऱ्या शंभरातल्या एकालाही माहीत नसतं. फॉर्ममध्ये संशयित औषधाचा रकाना असतो, बॅच नंबरचा असतो. डबी कायद्याने खाद्यपदार्थ, तरी मी तिला त्या रकान्यात बसवलं आणि भिंगाने बॅच नंबर उतरवून घेतला.

दुकानातही एक बदल केला. 'आणखी कुठली औषधं घेता?' हा प्रश्न सोडून दिला. आता विचारते, "सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं, चहापासून सांगा." पहिल्याच महिन्यात या प्रश्नाला दोन काढे, एक शिलाजित आणि एका आजींची गेली सहा वर्षं चालू असलेली ॲलोपॅथीची गोळी, जी त्यांना होमिओपॅथीची वाटत होती, एवढं बाहेर आलं.

वाइनचं म्हणाल तर डॉक्टरांनी काकांना सांगितलं, हृदयासाठी म्हणून सुरू करायचं कारण नव्हतं, आता तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी 2023 मध्ये म्हटलं आहे की मद्याचं आरोग्याला निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही. काकांनी उरलेली बाटली भिशीतल्या त्या मित्राला देऊन टाकली. मित्राने ती ठेवून घेतली. त्याला स्टेंट नाही.

मुलीशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. ती रडवेली झाली होती. तिने बाबांच्या काळजीपोटी पाठवलं होतं, आणि तिकडे दुकानात ते व्हिटॅमिनच्या फळीवर उघडं मिळतं, विचारायला समोर कुणी नसतं. तिला एवढंच सांगितलं की काही पाठवण्याआधी मागच्या लेबलचा फोटो मला टाक.

जूनमध्ये काकांच्या स्टेंटला वर्ष झालं आणि डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल थांबवली. जुलैत भर पावसात काका रेनकोटखाली नवी डबी घेऊन आले. या वेळी वर द्राक्षं नव्हती, हळकुंड होतं, मागे कुठलासा अर्क. ॲस्पिरिन अजून चालू आहे आणि हळदीच्या अर्काचंही प्लेटलेटशी नातं सांगतात. फोटो आलेला नव्हता, मुलगी गडबडीत विसरली होती. पण डबीचं सील शाबूत होतं.